बिऱ्हाड हलवण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

एप्रिल आणि मे हे मराठवाड्यात बिऱ्हाडे हलण्याचे महिने आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांविषयीच्या २००५ च्या कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या याच दोन महिन्यांत होतात, शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी सामान नव्या छपराखाली गेलेले बरे, असे प्रत्येकाला वाटते. त्यामुळे या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी स्थलांतराविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी लातूर येथे शासकीय कार्यालयात लिपिक आहे. माझी बदली हिंगोलीला झाली असून जूनच्या पहिल्या आठवड्यात बिऱ्हाड हलवावे लागेल. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन मुले आहोत. एवढे सामान आम्ही यापूर्वी कधी हलवलेले नाही. बांधाबांध कोठून सुरू करावी आणि शेवटी काय ठेवावे?

उत्तर : पहिले खोके बांधण्याआधी हिंगोलीला एकदा जाऊन नवे घर टेपने मोजून यावे, ही माझी आपल्याला पहिली विनंती आहे. मुख्य दरवाजाची आणि जिन्याची रुंदी किती आहे, जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाट फिरेल का, फ्रीज जेथे ठेवणार तेथे विजेचा पॉइंट आहे का, कूलर लावण्याजोगी खिडकी कोणत्या बाजूला आहे, नळाला पाणी किती दिवसांआड व कोणत्या वेळी येते, छतावरची टाकी स्वतंत्र आहे की सामाईक, या सर्व गोष्टी वहीत लिहून आणाव्यात. बहुतेक कुटुंबे घरातील झाडून सगळे सामान बांधतात, त्या सगळ्याचे भाडे भरतात आणि दिवाण दारातून आत जात नाही हे त्यांना नव्या घराच्या उंबऱ्यावर कळते. मोजमाप हाती असेल, तर काय न्यायचे, काय विकायचे आणि काय नातेवाइकांना द्यायचे हे लातुरातच शांतपणे ठरवता येते.

त्यानंतर साधारण तीन आठवडे हाताशी धरावेत आणि जी वस्तू नव्या घरात सर्वांत उशिरा लागणार आहे, ती सर्वांत आधी बांधावी. मे महिन्यात वाकळा, स्वेटर, आकाशकंदील, फराळाची मोठी भांडी, मुलांची मागच्या इयत्तांची पुस्तके यांना कोणी हात लावत नाही. सुरुवात तेथून व्हावी. आपल्याकडे महालक्ष्म्या बसत असतील, तर त्यांचे साहित्यही याच वेळी बांधून घ्यावे, कारण ते भाद्रपदाशिवाय लागत नाही आणि शेवटच्या धांदलीत त्याकडे लक्ष राहत नाही. महालक्ष्म्यांचे धड म्हणून मांडायच्या पत्र्याच्या कोठ्यांच्या पोकळीत त्यांच्या साड्या भरल्या म्हणजे जागाही वाचते आणि पत्र्याला पोचेही पडत नाहीत. मुखवटे मात्र प्रत्येकी स्वतंत्रपणे कापसात आणि मऊ सुती कापडात गुंडाळावेत, आणि ते शाडूचे असतील तर टेम्पोत न देता आपल्या सोबत न्यावेत. देवघरातील टाक, दागिने, मूळ कागदपत्रे आणि रोख रक्कम यांनाही हाच नियम लावावा.

खोकी विकत घेण्याची फारशी गरज पडत नाही. औषधांच्या दुकानातून मिळणारी खोकी जाड पुठ्ठ्याची आणि आटोपशीर असतात, ती पुस्तकांना व काचसामानाला योग्य. किराणा दुकानातील बिस्किटांची खोकी मोठी पण हलकी असतात. त्यांत उशा, कपडे, प्लास्टिकची भांडी भरावीत. पुस्तकांचे खोके पंधरा किलोंपेक्षा जड होऊ देऊ नये, कारण जड खोक्याचा तळ नेमका जिन्यात सुटतो. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या लावाव्यात, कारण उभ्या बशा धक्का अधिक सोसतात. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कपड्यांना आणि चिनी मातीच्या भांड्यांना लागते, म्हणून त्यांच्याभोवती जुन्या सुती साड्या गुंडाळाव्यात. साड्या तशाही न्यायच्याच असतात. पैठणी किंवा जरीचे इतर वस्त्र असेल तर ते धुतलेल्या मलमलीत बांधावे, घडी बदलावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. स्टीलच्या डब्यांना काहीच गुंडाळू नये. डाळी, साखर, मीठ ज्या डब्यांत आहे त्यातच राहू द्यावे आणि झाकणावर चिकटपट्टी लावावी. लोणच्याच्या बरणीतले वरचे तेल प्रवासात हिंदकळते, म्हणून बरणीच्या तोंडाला प्लास्टिक लावून त्यावर दादरा घट्ट बांधावा आणि ती बादलीत उभी ठेवावी. यंदाचे वाळवण नुकतेच झाले असेल. पापड चालतील, परंतु कुरडया पोत्यात किंवा खोक्यात भरल्या तर हिंगोलीला चुरा पोहोचेल, त्यांना पत्र्याचा डबाच हवा.

प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालावा आणि त्याबरोबर ते नव्या घरातील कोणत्या खोलीत जाणार आहे हे लिहावे. आत काय आहे याची यादी वहीत असू द्यावी, खोक्यावर नको. विशेषतः मौल्यवान वस्तूंबाबत बाहेर काहीही लिहू नये. हमालांना फक्त खोलीचे नाव वाचता आले तरी पुरते, आणि मग संध्याकाळी साऱ्या खोक्यांचा ढीग बैठकीत पडून राहत नाही. पलंग, मांडणी, टेबल सुटे केल्यावर त्यांचे स्क्रू आणि नट-बोल्ट छोट्या पिशवीत भरून ती पिशवी त्याच वस्तूला चिकटवावी. कपाटाच्या किल्ल्या आपल्याजवळ ठेवाव्यात.

एक पेटी मात्र सर्वांत शेवटी बांधायची आणि सर्वांत आधी उघडायची असते. तीत चहाचे साहित्य, दोन पातेली, ताट-वाट्या, पीठ, तांदूळ, तेल, मीठ, तिखट, चाकू, काडेपेटी, मेणबत्ती, विजेरी, टेस्टर, इन्सुलेशन टेप, हातोडी, खिळे, झाडू, फडके, साबण, सर्वांचा एकेक कपड्यांचा जोड आणि अंथरूण-पांघरूण असावे. या पेटीसोबत पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन भरून न्यावेत. नव्या घरात पहिल्या दिवशी नळाला पाणी येईलच असे गृहीत धरू नये. आपण लातूरच्या आहात, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हाचे दिवस आपल्याला मी सांगण्याची आवश्यकता नाही. त्याच कारणाने पाण्याचे ड्रम, हंडे आणि कळश्या विकू नयेत. जाताना ड्रममध्ये कपडे आणि अंथरुणे भरली की त्यांची वेगळी जागा लागत नाही.

सासूबाईंची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन चालू असेल तर ते थर्मासमध्ये न्यावे, परंतु बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. बंद टेम्पोत उन्हाने फार उष्णता साठते. औषधे, मेणबत्त्या, तुपाचे डबे, मुलांचे मेणाचे रंग यांपैकी काहीही त्यात ठेवू नये. मे अखेर आणि जूनच्या आरंभी वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. म्हणून सामान आदल्या संध्याकाळी भरून घ्यावे, गाडी पहाटे सोडावी आणि दुपारच्या आत उतरवून घ्यावे. गाडी बंद असली तरी ताडपत्री आहे का हे आधी डोळ्यांनी पाहावे. बदलीच्या प्रवास भत्त्यासाठी वाहतुकीची पावती लागते, तेव्हा काय काय जोडायचे ते आपल्या आस्थापना शाखेत निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : आम्ही परभणीहून नांदेडला जात आहोत. गॅस, रेशन कार्ड आणि मुलीच्या शाळेचा दाखला यांचे काय करावे? मुलगी सहावीत जाणार आहे.

उत्तर : गाव बदलत असल्यामुळे आपल्याला सिलिंडर आणि रेग्युलेटर परभणीच्या एजन्सीकडे जमा करावे लागतील. एजन्सी मूळ अनामत रक्कम परत करते आणि जोडणी बंद केल्याचे व्हाउचर देते. ते दाखवून नांदेडला सध्याच्या दराने अनामत भरून जोडणी मिळते. शेगडी आपलीच असते, ती न्यावी. रबरी नळीवरची मुदत मात्र पाहून घ्यावी. भरलेला सिलिंडर सामानाच्या गाडीत टाकून नेण्याचा मोह अनेकांना होतो. बंद गाडीत, मे महिन्याच्या उन्हात, गाद्या आणि कपड्यांच्या मधोमध गॅस ठेवणे हे जिवावर बेतू शकते, म्हणून तो विचारही करू नये. जुनी जोडणी बंद होणे आणि नवी मिळणे यांत काही दिवस जातात. तेवढ्यापुरती विजेची शेगडी जवळ ठेवावी.

‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेमुळे पात्र कुटुंबाला आधारच्या पडताळणीवर नांदेडमधील दुकानातूनही धान्य मिळते. त्यामुळे पत्ता बदलण्याचे काम पहिल्याच आठवड्यात उरकण्याची घाई नाही. ते तहसीलच्या पुरवठा शाखेतून सवडीने करता येईल.

शाळेविषयी चिंता करू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दुसऱ्या शाळेत जाण्यासाठी दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तो त्वरित द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला या कारणावरून आठवीपर्यंतचा प्रवेश नवी शाळा नाकारू किंवा लांबवू शकत नाही. तरीही निकाल लागताच अर्ज द्यावा, कारण सुटीत शाळेचे कार्यालय रोज उघडे असेलच असे नाही. दाखल्यावरील नाव, जन्मतारीख आणि जात यांच्या नोंदी तेथेच उभे राहून वाचाव्यात. चूक असेल तर ती परभणीत दुरुस्त करणे सोपे आहे. पुढे बारावीनंतर जात पडताळणीच्या वेळी तीच चूक फार त्रास देते. दाखल्याच्या तीन-चार छायाप्रती काढून मूळ प्रत इतर मूळ कागदांसोबत हातातच न्यावी.

दोन चाकी किंवा चार चाकी वाहन असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे पत्ता बदलल्याची माहिती तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. मतदार यादीतील पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरावा.

प्रश्न : आमचे आप्पा अंबाजोगाईजवळच्या गावी वाड्यात एकटे राहतात. आई गेल्यापासून त्यांना छत्रपती संभाजीनगरला आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणायचे ठरवले आहे. वाड्यात तीन पिढ्यांचे सामान आहे : धान्य साठवायच्या बळदातली ज्वारी, जाते, पाटा-वरवंटा, तांब्याच्या घागरी, उतरंड, सागवानी पेट्या, बाजा. आप्पा म्हणतात, सगळे न्यायचे. बायको म्हणते, जागा कुठे आहे? काय करावे?

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण अशी पत्रे आता मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यातून येतात. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच निवड आपण करू नये. ती आप्पांना करू द्यावी. त्यांना फ्लॅटमध्ये मिळणारी जागा आधी दाखवावी, शक्य असल्यास आठ दिवस तेथे राहू द्यावे आणि मग ‘या भिंतीशी आणि या गॅलरीत काय ठेवायचे ते तुम्ही सांगा’ असे म्हणावे. जागा डोळ्यांनी पाहिलेला माणूस सगळे न्या असे क्वचितच म्हणतो. त्यांची बाज न्यावी, हा माझा आग्रह आहे. वयस्क माणसाला नव्या घरात ओळखीच्या अंथरुणावर झोप लागते, आणि बाज गॅलरीत उभी करून ठेवता येते.

आता एकेका वस्तूविषयी. बळदातील ज्वारी पोत्यांत भरण्याआधी कडक उन्हात चांगली वाळवून, चाळून घ्यावी. सोंडे किंवा टोके असलेले धान्य तसेच भरले, तर कीड फ्लॅटमधल्या डाळी-तांदळापर्यंत पोहोचते. चार-सहा महिने पुरेल इतकीच ज्वारी न्यावी आणि उरलेली गावात विकावी किंवा भाऊबंदांना द्यावी. फ्लॅटमध्ये पोते थेट फरशीवर अथवा भिंतीला लावून ठेवू नये. खाली लाकडी पाट असावा, आणि धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. पाला ओला असेल तर उलट बुरशी धरते.

तांब्याच्या घागरी अवश्य न्याव्यात. संभाजीनगरच्या अनेक वसाहतींत, जायकवाडी इतके जवळ असूनही, नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे त्या शोभेसाठी नव्हे तर रोजच्या कामासाठी लागतील. पितळी पातेल्यांत स्वयंपाक करायचा असेल तर अंबाजोगाईतच कल्हई करून घ्यावी. जाते आणि पाटा-वरवंटा यांपैकी एकच न्यावे, आणि माझी पसंती पाटा-वरवंट्याला आहे, कारण तो वापरला जाईल. दगडी वस्तू गाडीच्या अगदी तळाशी, केबिनच्या बाजूला, पोत्यात बांधून ठेवायच्या असतात. त्या घसरल्या तर शेजारचे काहीही वाचत नाही. केजवरून येताना मांजरसुंब्याचा घाट लागतो, तेव्हा दोर नीट आवळलेला आहे ना हे बीडला थांबून पुन्हा पाहावे. उतरंडीची मडकी प्रवासात टिकणे अवघड आहे. गावात ज्याच्या घरी ती वापरात राहतील त्यांना द्यावीत.

सागवानी पेट्या नेण्याआधी उलट्या करून उन्हात ठेवाव्यात. बारीक छिद्रे आणि त्यांच्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरले जात आहे असे समजावे आणि उपचार केल्याशिवाय ती पेटी फ्लॅटमधल्या फर्निचरजवळ आणू नये.

आणि या पेट्या रिकाम्या करताना एकही कागद रद्दीत देऊ नये. हे मी फार कळकळीने लिहीत आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने महसुली कागद उर्दूत आणि त्याहून जुने काही मोडीत असतात. आपल्याला वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. जमिनीचे हक्क, वारसाच्या नोंदी, जातीचा पुरावा, यांपैकी काहीही त्यात असू शकते, आणि खासरा पत्रकाची, म्हणजे शेतजमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल आज मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे ज्यांनी घातले त्यांना विचारावे. असे कागद प्लास्टिकमध्ये दाबून सीलबंद करू नयेत. घड्या हलक्या हाताने उलगडून, कसर झटकून, सुती रुमालात बांधावेत, मोबाईलवर प्रत्येकाचे छायाचित्र काढावे आणि ते दप्तर आप्पांच्या हाती द्यावे. कोणता कागद कोणत्या शेताचा हे त्यांना ठाऊक असेल. ते प्रत्येक छायाचित्रासोबत लिहून घ्यावे. हे काम वाड्यातच, त्यांच्याशेजारी बसून करावे, कारण शहरात आल्यावर दोघांनाही तेवढा निवांतपणा मिळणार नाही.

वाडा विकायचा नसेल तर एक अडचण मे महिन्यातच निस्तरावी लागेल. माळवदाला, म्हणजे वाड्याच्या मातीच्या सपाट छताला, पावसाळ्याआधी पांढरी माती घालून ते चोपले नाही, तर पहिल्या दोन पावसांत गळती सुरू होते, तुळया भिजतात आणि दोन-तीन वर्षांत आढेच बसते. कुलूप लावून येण्याआधी माती घालून घ्यावी, पन्हाळी साफ कराव्यात, विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि पंधरा दिवसांतून एकदा दारे उघडून हवा खेळती ठेवील अशा नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसाकडे किल्ली द्यावी. त्याला त्याबद्दल काही मोबदला ठरवून द्यावा, नुसत्या शब्दावर ठेवू नये. सगळे सामान एकाच खेपेत हलवण्याचा हट्ट नको. पहिल्या खेपेत आप्पांच्या रोजच्या वस्तू आणाव्यात आणि बाकीचा निर्णय दिवाळीपर्यंत राहू द्यावा.

प्रश्न : घरसामान हलवणाऱ्या तीन कंपन्यांनी फोनवर तीन वेगवेगळे दर सांगितले. सर्वांत कमी दर स्वीकारावा का? की स्वतःच टेम्पो करावा? आम्ही जालन्याहून पुण्याला चाललो आहोत.

उत्तर : घर न पाहता फोनवर सांगितलेला दर हा दरच नव्हे. प्रत्यक्ष येऊन सामान पाहणाऱ्याकडूनच लेखी अंदाजपत्रक घ्यावे, आणि त्यात टोल, हमाली, मजल्यांचे पैसे, पलंग-कपाट सुटे करून जोडणे व थांबण्याचा आकार हे सर्व अंतर्भूत आहे की नाही, हे एकेक लिहवून घ्यावे. कमी दर सांगून सामान भरून घ्यायचे आणि पुण्याच्या वेशीवर गाडी उभी करून आणखी रक्कम मागायची, अशी फसवणूक होते. नामांकित कंपनीसारखे नाव लावून काम घेणारेही असतात. म्हणून कार्यालयाचा पत्ता प्रत्यक्ष पाहावा, जीएसटी क्रमांक तपासावा आणि अर्ध्याहून अधिक रक्कम आगाऊ देऊ नये. सामान निघताना बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल घेतल्याची पावती, घ्यावी, तिच्यासोबत वस्तूंची यादी जोडावी, आणि गाडीच्या क्रमांकाचे व चालकाच्या परवान्याचे छायाचित्र काढावे. वाहतुकीचा विमा काढला असे नुसते सांगितले तर विश्वास ठेवू नये, पॉलिसीची प्रत मागावी. सामान उतरवताना मोडतोड दिसली तर ती बिल्टीवर लिहूनच सही करावी. नुकसानभरपाईसाठी वाहतूकदारावर दावा करायचा असेल, तर रस्त्याने मालवाहतुकीविषयीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. सेवेतील त्रुटीसाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

स्वतः टेम्पो करण्याचा मार्ग मला अनेक कुटुंबांसाठी अधिक योग्य वाटतो, मात्र दोन-तीन धडधाकट माणसे घरची असायला हवीत. छोटा हत्ती साधारण पाऊण टन वजन घेतो; एका खोलीच्या बिऱ्हाडाला तो पुरतो. दोन खोल्यांच्या संसाराला पिकअप किंवा ४०७ आणि त्याहून मोठ्याला आयशर लागते. एवढ्या अंतरावर छोट्या गाडीच्या दोन खेपा करणे हा काटकसरीचा भास आहे. जालन्यात पुण्याकडून माल घेऊन आलेली आणि रिकामी परतणारी गाडी ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चौकशी केल्यास मिळू शकते, तिचे भाडे बरेच कमी पडते. पण दिवस तिच्या सोयीने ठरतो हे लक्षात ठेवावे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी रस्त्यात कोणी विचारलेच तर दाखवायला सामानाची यादी आणि नव्या घराच्या भाडेकराराची प्रत चालकाजवळ असू द्यावी.

प्रश्न : फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन आणि इन्व्हर्टर यांची काय काळजी घ्यावी?

उत्तर : फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्यावा, आतून पुसून दार दोरीने बांधावे आणि तो उभाच न्यावा, पोहोचल्यावर काही तास तसाच राहू देऊन मगच चालू करावा. कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून गवताच्या जाळ्या उन्हात वाळवाव्यात, नाही तर त्यांच्या कुबट वासाने सारे सामान भरते. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनसोबत आलेले वाहतुकीचे बोल्ट शोधून परत बसवावेत. इन्व्हर्टरची बॅटरी सर्वांत धोक्याची, कारण तिच्यात आम्ल असते : आधी ऋण टोकाची वायर सोडवावी, दोन्ही टोकांना टेप लावावी आणि बॅटरी प्लास्टिकच्या घमेल्यात उभी ठेवून कपड्यांपासून दूर न्यावी. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतल्यास उत्तम.

प्रश्न : माझा मुलगा अकरावी-बारावी आणि नीटची तयारी लातूरला करणार आहे. मी त्याच्यासोबत दोन वर्षे खोली घेऊन राहणार आहे, आणि यांना शेतीमुळे सेनगाव सोडता येत नाही. दोन घरे चालवायची आहेत, तेव्हा काय न्यावे?

उत्तर : शिकवणीच्या निमित्ताने लातूरला आलेल्या अशा कित्येक माता मी पाहिल्या आहेत. ताई, आपण संसार हलवत नसून दोन वर्षांची सोय करत आहात, त्यामुळे एका पिकअपमध्ये निम्म्याहून कमी जागा व्यापेल इतकेच सामान न्यावे. मुलासाठी मजबूत टेबल, पाठीला आधार देणारी खुर्ची, चांगला दिवा आणि पुस्तकांसाठी लोखंडी मांडणी यांवर पैसे खर्च करावेत. पलंगाऐवजी गाद्या, चार माणसांची भांडी, कूलर आणि पाण्यासाठी झाकणाचे दोन ड्रम एवढे पुरते. गॅसची जोडणी सेनगावलाच राहू द्यावी. लातूरला ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. त्याचे भरणे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडते, तरी दोघांच्या स्वयंपाकाला तो चालतो. ज्वारी, डाळी, तिखट गावाकडूनच येऊ द्यावे. खोली निवडताना शिकवणीपासूनचे अंतर जितके महत्त्वाचे, तितकाच पाण्याचा बोअर आणि रात्रीचा गोंगाट महत्त्वाचा आहे. वरच्या मजल्याची, पत्र्याची किंवा पश्चिमेकडे उघडणारी खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. नीटची परीक्षा मे महिन्यात असते आणि शेवटचे दोन महिने मुलगा तिथेच बसून अभ्यास करणार आहे.

प्रश्न : आम्ही धाराशिवला भाड्याच्या घरात राहत होतो. मागील घरमालकांनी वीजबिल आणि रंगकामाच्या नावाखाली अनामत रकमेतून मोठी रक्कम कापली. नव्या घरात असे होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत किती दिवसांत परत मिळेल आणि तीतून कोणत्या कारणासाठी रक्कम कापता येईल, ही दोन वाक्ये करारात आग्रहाने घालून घ्यावीत. सामान आत नेण्याआधी, म्हणजे खोल्या रिकाम्या असतानाच, भिंती, ओल आलेल्या जागा, फरशा, नळ, दारांच्या कड्या आणि वीज मीटरवरील आकडा यांची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी घरमालकांच्या मोबाईलवर पाठवावीत. घर सोडतानाही सामान बाहेर गेल्यावर हीच छायाचित्रे पुन्हा काढावीत, मीटरच्या आकड्यावर दोघांनी सही करावी, त्या तारखेपर्यंतचे महावितरणचे बिल भरून पावतीची प्रत द्यावी, आणि किल्ली घरमालकांच्या हाती देतानाच अनामतीचा हिशोब कागदावर लिहून घ्यावा.